आमदार स्वतः दिव्यांग असला की फरक पडतोच
वर कुणीतरी लिहिलंय, कायदा आहे मग आमदार दिव्यांग असून काय वेगळं होणार. होतं की भावा! अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या प्रतिनिधीगृहावर जेसिका बेनहॅम २०२० ला निवडून आल्या, स्वतः ऑटिस्टिक (स्वमग्न), आधी पिट्सबर्गमध्ये ऑटिस्टिक लोकांच्या हक्कांची संस्था काढलेली, म्हणजे सभागृहात जायच्या आधीच प्रश्न तोंडपाठ. आपल्या कोल्हापुरात नसीमादीदी हुरजूक यांनी व्हीलचेअरवरून १९८४ ला हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड उभी केली, ते काम बघितलेल्याला हे सांगायला लागत नाही. असं माणूस विधानसभेत पाहिजे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगांसाठी राखीव ४ टक्के सरकारी नोकऱ्या कुठल्या खात्यानं भरल्या नाहीत हे दर अधिवेशनात विचारणारं. तामिळनाडूनं २०२५ मध्ये स्थानिक संस्थांत दिव्यांग सदस्य नेमायचा कायदा केला, आपल्या झेडपीत, महापालिकेत तेवढं तरी व्हायलाच पाहिजे.