पाऊस होऊन गेलाय, सासूसासऱ्यांना घेऊन कॅरव्हॅनने ऊडनाडाटा ट्रॅकवर जावं का?

सांगलीची_सून

नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे पण सल्ला हवाय म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आम्ही ॲडलेडला असतो. सासूसासरे सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेत, सासरे 71, सासूबाई 66. मुलगा नऊ वर्षांचा. शाळेची जुलैची सुट्टी धरून दहा दिवसांची कॅरव्हॅन ट्रिप ठरवलीये. गाडी आमचीच, प्राडो, आणि 20 फुटी कॅरव्हॅन भाड्याने घेतोय, मुलासाठी बंक असलेली. रूट असा की हॉकर, लिंडहर्स्ट, मरी, तिथून ऊडनाडाटा ट्रॅकने, म्हणजे कच्च्या रस्त्याने, विल्यम क्रीक, मग कूबर पीडी आणि स्टुअर्ट हायवेने परत. सगळं ठरलंय ते सासऱ्यांमुळे. क्वीन्सलँडमधून पाणी वाहत येतं आणि वाळवंटातल्या तळ्यात साठतं हे त्यांनी टीव्हीवर बघितलं, तेव्हापासून रोज विचारतात की काती थांडाला (लेक एअर, तेच ते तळं) कधी जायचं. आयुष्यभर ऊस केलेला माणूस, पाणी म्हटलं की जीव अडकतो त्यांचा.

आता अडचण अशी की मागच्या आठवड्यात विल्यम क्रीकच्या बाजूला सलग तीन दिवस पाऊस झाला आणि ट्रॅक सगळ्या गाड्यांना बंद केलाय. पण परवापासून आभाळ एकदम मोकळं आहे, ऊन पडलंय, पुढचे सात दिवस पावसाचा अंदाज नाही. मिस्टरांच्या ऑफिसातले एकजण म्हणाले की रस्ता बंदचा तो बोर्ड नुसता नावापुरता असतो, फोर व्हील ड्राइव्ह असेल तर बिनधास्त जा. शनिवारी निघायचंय. जावं का? आणि नाही तर सासऱ्यांना तळं दाखवायचं कसं?

---

भटक्या_बारामतीकर

ताई, शनिवारी मरीच्या पुढे जाऊ नका. ऑफिसातल्या त्या गृहस्थांनी कॅरव्हॅन ओढत तो रस्ता ओल्यात केला नसणार.

माझा अनुभव सांगतो, चार वर्षांपूर्वीचा. ऑगस्टमध्ये आम्ही विल्यम क्रीकला मुक्कामी होतो, रात्री पाऊस लागला, सकाळी कळलं 22 मिमी झाला. आपल्याकडे 22 मिमी म्हणजे काहीच नाही हो, पण तिथे वर्षाचा मिळूनच जेमतेम दीडशे मिमी पडतो आणि जमीन सगळी सपाट, पाणी जाणार कुठे? सगळे रस्ते बंद. चार दिवस तिथेच अडकलो. पाचव्या दिवशी रस्ता फक्त फोर व्हील ड्राइव्हसाठी खुला झाला म्हणून कूबर पीडीकडे निघालो, तेही सगळं नियमात. पहिले 30 किमी छान गेले. मग एक ओढ्याचा सखल भाग आला, वरून सुकलेला दिसत होता, पापुद्रे सुटलेले, आणि गाडी आत शिरल्यावर कळलं की खाली सगळा लोण्यासारखा चिखल आहे. गाडी सरळ चाललीये आणि आरशात बघतो तर कॅरव्हॅन आडवी होत डावीकडच्या चरात उतरतीये. त्या क्षणी पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो.

थांबलो. उतरून बघितलं तर कॅरव्हॅनची चाकं फिरतच नव्हती. चिखल मडगार्डच्या आत इतका दाबून बसला होता की टायर आणि पत्रा यांच्यात बोट जाईना. फावडं आत शिरत नव्हतं म्हणून बायकोने थालीपिठाचं लोखंडी उलथनं आणून दिलं आणि मी दीड तास त्या उलथन्याने एकेका चाकाचा चिखल खरवडत बसलो, लाल, चिवट, तासाभराने उन्हात तोच विटेसारखा कडक व्हायला लागला. कॅरव्हॅन जोडलेली असताना मागे घेता येत नाही, वळवायला जागा नाही, कडेला घ्यावं तर कडा अजून मऊ. शेवटी जवळच्या कॅटल स्टेशनवरचा (म्हणजे गुरांच्या मोठ्या फार्मवरचा) एक म्हातारा बाबा आला आणि ट्रॅक्टरने ओढून दिलं. पैसे घेतले नाहीत. एवढंच म्हणाला की बंद रस्त्यावरून काही टूरिस्ट गेले त्यांच्या चाकोऱ्या गुडघाभर खोल झाल्यात आणि नऊ दिवस झाले त्याचा जनावरांचा ट्रक निघू शकलेला नाही.

तर ताई, आभाळाकडे बघू नका, बोर्डाकडे बघा. आणि अजून एक, भाड्याच्या कॅरव्हॅनचा करारनामा आज रात्रीच बसून वाचा. बऱ्याच करारांत डांबरी सोडून कच्च्या रस्त्यावर न्यायला मनाई असते, तिथे काही झालं की विमा मिळत नाही. बंद रस्त्यावर गेलात तर दंड वेगळा, आणि तो मोठा असतो.

---

परभणीकर_लाँगरीच

बारामतीकर दादांनी सांगितलंय ते शंभर टक्के खरं. मी क्वीन्सलँडमधल्या लाँगरीचला असतो, शेतीच्याच कामात, आणि इकडची जमीन बघितली की मला आमचं परभणीचं रान आठवतं, तीच भेगाळणारी काळी माती. पाऊस पडला की फुगते, पायाला दोन दोन किलोचे गोळे चिकटतात. विल्यम क्रीककडे माती लाल आणि वर दगडगोट्यांचा थर, पण चिकणमातीचा स्वभाव तोच.

तुमच्या सासऱ्यांना एका शब्दात पटेल बघा. त्यांना सांगा रस्त्याला अजून वापसा आलेला नाही. पाऊस थांबला म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी औत घालतं का? वरून सुकलं तरी चार बोटं खाली ओल असते, त्यात बैल घातले की बैलही रुततात आणि वावराचीही नासाडी होते. रस्त्याचंही तेच. ओल्यात एक गाडी गेली की चाकोरी पडते, ती सुकून सिमेंटसारखी होते, मग ग्रेडर (रस्ता सपाट करणारं यंत्र) येईपर्यंत सगळ्यांचे हाल, आणि एकेका ग्रेडरवाल्याकडे शेकडो किमी रस्ता असतो. या रस्त्यावर लोकांचं किराणा, डिझेल, टपाल, मुलांची शाळेची पुस्तकं सगळं अवलंबून आहे. आपण फिरायला आलोय, ते तिथे राहतात.

दुसरी गोष्ट, जिची इकडच्या शहरातल्या लोकांनाही कल्पना नसते. पूर यायला तुमच्या डोक्यावर पाऊस लागत नाही. काती थांडाचं पाणलोट क्षेत्र म्हणजे ऑस्ट्रेलियाचा जवळपास सहावा हिस्सा. आमच्याकडे पडलेलं पाणी कूपर क्रीक, डायमँटिना, जॉर्जिना या नद्यांतून पसरत पसरत, रमत रमत खाली येतं, आठवडे लागतात, कधी महिने. 2025 च्या मार्चअखेरीस आमच्या दक्षिणेला पूर आला तेव्हा काही ठिकाणी 1974 च्या महापुराची पातळीसुद्धा मागे पडली, लाखाहून जास्त गुरंमेंढरं मेली नाहीतर बेपत्ता झाली, कुंपणं हजारो किमी वाहून गेली. आणि त्या पाण्याचं तोंड तळ्यात पोचलं ते मे महिन्यात! म्हणजे निरभ्र आकाशाखाली, कोरड्या वाऱ्यात, तुमच्यासमोरचा ओढा एका रात्रीत भरू शकतो. मरीहून उत्तरेला जाणारा बर्ड्सव्हिल ट्रॅक तर कूपरला पाणी आलं की तिथेच तुटतो, मग कच्च्या वळणरस्त्याने फेरीबोटीवर गाडी घालून पलीकडे जावं लागतं, आणि बोटीवर मोठी कॅरव्हॅन घेतीलच असं नाही.

ते तळं बघायची सासऱ्यांची ओढ मात्र मला फार आवडली. दाखवाच त्यांना.

---

गोदाकाठची_नर्स

मी दोन वर्षं आउटबॅकच्या एका छोट्या दवाखान्यात काम केलंय, म्हणून आईबाबांच्या काळजीने लिहितेय.

फ्लाइंग डॉक्टर (विमानाने येणारी डॉक्टरांची सेवा) आहेत ना, असं सगळे म्हणतात. आहेत, 1928 पासून आहेत आणि देवासारखे आहेत. पण ज्या पावसाने रस्ता बंद होतो त्याच पावसाने मातीची धावपट्टीही बंद होते. विमान वर घिरट्या घालतंय आणि खाली चिखलामुळे उतरता येत नाही, अशी वेळ मी पाहिलीये. त्यातल्या त्यात आधार म्हणजे स्टेशनांवर त्यांची औषधांची पेटी असते, प्रत्येक औषधाला नंबर दिलेला, डॉक्टर फोनवर सांगतात अमुक नंबरची गोळी द्या. पण तुम्ही दोन स्टेशनांच्या मध्ये कुठेतरी अडकलात तर ती पेटीही नाही आणि मोबाईलला रेंजही नाही.

तर ताई, कुठेही जा पण बाबांची बीपीची, शुगरची जी काही औषधं असतील ती ट्रिपच्या दिवसांपेक्षा किमान आठवडाभर जास्तीची घ्या, आणि एका कागदावर औषधांची नावं इंग्रजीत, डोससकट. सॅटेलाइट फोन भाड्याने मिळतो, तो घ्या. पिण्याचं पाणी आणि शिधा चार-पाच दिवस वरचढ ठेवा, साधं डाळतांदूळ पीठ पुरे. आणि डासांचं काहीतरी घ्या, पाऊस झाल्यावर तिकडे डास आणि माश्या किती होतात ते सांगून खरं वाटणार नाही, सासूबाईंना डोक्यावरून घ्यायची जाळी आत्ताच घेऊन ठेवा.

---

सांगलीची_सून

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. काल रात्री सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. वापसा शब्द ऐकल्यावर बाबा लगेच म्हणाले, "मग नाही जायचं, पोराला सांग." पाच मिनिटांत विषय संपला, आम्ही आठवडाभर वाद घालत होतो!

आणि करारनामाही वाचला. कच्च्या रस्त्याला स्पष्ट मनाई आहे, हे आम्हाला कॅरव्हॅन बुक करताना कोणी सांगितलं नव्हतं.

आता कॅरव्हॅन डांबरीवरूनच, पोर्ट ऑगस्टाहून सरळ कूबर पीडीला न्यायची असं ठरतंय. पण तळं?

---

भटक्या_बारामतीकर

योग्य केलंत. तळं वरून बघा, विमानातून. खरं सांगायचं तर काठावरून ते दिसतच नाही धड, इतकं मोठं आणि इतकं उथळ आहे, पूर्ण भरलं तर 9,000 चौरस किमीच्या वर जातं, आणि तळात उतरायचंही नसतं, तिथल्या मूळच्या अराबाना लोकांसाठी ती पवित्र जागा आहे. कूबर पीडीवरून छोटी विमानं जातात. वरून पाण्याच्या शिरा मिठात शिरताना दिसतात, एका बाजूला गुलाबी, एका बाजूला दुधी, आणि पेलिकन म्हणजे पांढरे ठिपके. बुक करताना प्रत्येकाचं वजन विचारतात, खरं सांगायचं. पावसानंतर गर्दी होते तेव्हा आजच फोन करा.

कूबर पीडीपर्यंत जाताना दिवस मावळायच्या आत मुक्कामी पोचायचं, पावसाने रस्त्याच्या कडेला गवत फुटतं आणि कांगारू तिथेच चरायला येतात. ग्लेंडॅम्बो सोडल्यावर साधारण 250 किमी पंप नाही, कॅरव्हॅन ओढताना डिझेल दीडपट ते दुप्पट लागतं, तेव्हा टाकी फुल करूनच निघा. रोड ट्रेन (अनेक ट्रेलर जोडलेले ट्रक) 53 मीटरच्या असतात, गाडीतला UHF रेडिओ 40 नंबरवर लावून ठेवा, मागून आली की तिचा ड्रायव्हर त्यावर बोलतो, तुम्ही फक्त सरळ रेषेत रहा, मध्येच ब्रेक नको. आणि डांबरी आहे म्हणून बोर्ड बघायचा सोडू नका, 2022 च्या जानेवारीत हाच स्टुअर्ट हायवे पाण्याखाली गेला होता आणि कूबर पीडीला सैन्याच्या विमानाने अन्न पोचवावं लागलं होतं.

---

सांगलीची_सून

फोन केला. मंगळवारी सकाळी साडेआठचं विमान मिळालंय, चार सीट. सासूबाई खालीच थांबणार म्हणतायत, त्यांना जमिनीखालची घरं बघायचीयेत. बाबांनी विचारलंय की पायलट खिडकीकडची जागा देईल का, आणि त्यांना सांगलीतल्या भावाला वरून व्हिडिओ कॉल लावता येईल का.

---

भटक्या_बारामतीकर

त्या छोट्या विमानात प्रत्येकालाच खिडकी असते ताई. कॉल लागणार नाही, वर रेंज नसते. व्हिडिओ काढून ठेवा, कूबर पीडीत उतरल्यावर पाठवा.