ओव्हिरॅप्टरला अंडीचोर म्हणाल तर याद राखा

तिरपागडा

काल दणकट यांनी एक पोस्ट टाकली. सारांश असा: "मोठ्या माणसाचा आवडता डायनासोर एकच असू शकतो, टी-रेक्स. बाकी सगळे त्याचं जेवण. ओव्हिरॅप्टर वगैरे नावं घेणाऱ्यांना फक्त 'आम्ही कसे वेगळे' हे मिरवायचं असतं. त्या भुरट्या अंडीचोरात आवडण्यासारखं आहे काय?" तिथेच उत्तर लिहायला बसलो, तर ते पोस्टपेक्षा लांबलं. म्हणून वेगळा धागा.

भुरटा अंडीचोर. बरं. खटला पहिल्यापासून काढू.

१९२३ साली गोबीच्या वाळवंटात एका अमेरिकन मोहिमेला हा सांगाडा मिळाला, अंड्यांच्या घरट्यावरच पडलेला. कवटी चेपलेली. त्या भागात प्रोटोसेराटॉप्स या दुसऱ्याच डायनासोरचे सांगाडे पैशाला पासरी, तेव्हा अंडीही त्याचीच, असं सगळ्यांनी धरून चाललं. मग हा परका तिथे काय करत होता? चोरी! १९२४ मध्ये ऑस्बर्न या शास्त्रज्ञांनी नाव ठेवलं 'ओव्हिरॅप्टर फिलोसेराटॉप्स'. अंडी पळवणारा, तोही सेराटॉप्सवर्गाच्या अंड्यांचा शौकीन. वर त्याच लेखात हेही लिहून ठेवलं, की या नावामुळे प्राण्याबद्दल गैरसमज होऊ शकतो. न्यायाधीशालाच शंका, तरी शिक्षा ठोठावून मोकळा.

जवळजवळ सत्तर वर्षं कोणी अपील केलं नाही. १९९३ मध्ये त्याच वाळवंटात त्याच तऱ्हेचं अंडं सापडलं, आत पिल्लाची हाडं. पिल्लू प्रोटोसेराटॉप्सचं नव्हतं. ओव्हिरॅप्टरच्याच कुळातलं निघालं. पाठोपाठ याच्या भाऊबंदांपैकी सिटीपाटी नावाची एक आई घरट्यावर बसलेली सापडली. अंडी गोलाकार मांडलेली, मधोमध बैठक, पाय अंगाखाली दुमडलेले आणि दोन्ही हात पसरून कडेच्या अंड्यांवर धरलेले. वरून वाळू आली तरी उठली नाही.

निर्दोष सुटका झाली, पण नाव तेच. जे आधी ठेवलं ते कायम, असा प्राणिशास्त्राचा नियम आहे. गुन्हा खोटा ठरला तरी कपाळावरचं गोंदण जात नाही.

मी चौथीत असताना वर्गातल्या एका मुलीची कंपासपेटी गेली आणि मी शेजारी बसायचो म्हणून आळ माझ्यावर. आठवड्याने पेटी तिच्याच घरी, पलंगाखाली सापडली. मला दहावीपर्यंत सगळे 'कंपास' म्हणत होते. तेव्हा दणकटशेठ, मिरवायला नाही आवडत मला ओव्हिरॅप्टर.

दणकट

वा! डोळे पाणावले. पण आवडता डायनासोर सहानुभूतीच्या मतांवर निवडायचा असेल तर मी आधीच बाद.

मी ताकद मोजतो. टी-रेक्सच्या जबड्याचा जोर सुमारे ३५,००० न्यूटन. हाडासकट घास. त्याच्या विष्ठेच्या जीवाश्मातसुद्धा हाडांचा चुरा मिळालाय. वयात येताना दिवसाला दोन किलोच्या आसपास वजन वाढायचं. शिकागोच्या संग्रहालयातली 'सू' (टी-रेक्सचाच सांगाडा) बारा मीटरांहून लांब आहे. तिच्यासमोर उभं राहिलं की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. हे मी स्वतः पाहिलंय, माझ्याबरोबरच्या तीन बडबड्या मुलांसकट. कोणी 'गप्प बसा' म्हणावं लागलं नाही. तुमच्या अंड्यावाल्यापुढे झालंय असं कधी?

आणि वकीलसाहेब, एक पान तुम्ही सोयीस्कर गाळलंत. तुम्ही सांगितलेल्या त्या १९९३ च्या घरट्यात दुसऱ्याच जातीच्या डायनासोरच्या दोन चिमुकल्या कवट्याही मिळाल्या. त्या कोण, भाडेकरू?

तिरपागडा

कवट्या ट्रूडॉन या छोट्या डायनासोरच्या कुळातल्या. कोणी म्हणतं पिल्लांसाठी आणलेला घास, कोणी म्हणतं कोकिळा कावळ्याच्या घरट्यात घालते तसा प्रकार. निकाल लागलेला नाही. आणि समजा घासच, तर पोरांना भरवणारा चोर कसा? तुमचा टी-रेक्स काय परवानगीचा अर्ज करून खायचा?

बाय द वे, तो शिकारीच होता हे तरी नक्की का? हॉर्नर यांच्यासारखा डायनासोरतज्ज्ञ त्याला मढी खाणारा म्हणत होता. एक मीटरभर हात घेऊन शिकार कसली करतोय?

दणकट

हॉर्नरचं नाव काढलंत! मी वाटच पाहत होतो. टी-रेक्सला कोणी बरं म्हटलं की पाच मिनिटांत कोणीतरी 'मढी' आणि 'हात' आणतंच.

२०१३ मध्ये एका बदकचोच्या डायनासोरच्या शेपटीच्या मणक्यात टी-रेक्सचा तुटलेला दात मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. दाताभोवती हाड वाढलेलं. म्हणजे चावा बसला, जनावर निसटलं, जखम भरली. मढ्याची जखम भरत नाही हो. मिळेल ते मढंही खात असेल, सिंहही खातो. सिंहाला कोणी हिणवतं का? आणि डोकं एवढं असताना हात कशाला लागतात?

लांबमान

तुमच्या दोघांच्या हमरीतुमरीत माझा ब्रॉन्टोसॉरस कोणाला आठवणारच नाही, तेव्हा मीच सांगते.

सातवीत मी चित्रकलेच्या वहीत पानभर ब्रॉन्टोसॉरस काढला होता. मान पान ओलांडून पुढच्या पानावर. बाईंनी लाल पेनाने लिहिलं: "असा प्राणी नाही. अपॅटोसॉरस लिहावे." आणि बाई बरोबर होत्या, हेच जास्त झोंबलं. मार्श यांनी १८७७ मध्ये अपॅटोसॉरस आणि १८७९ मध्ये ब्रॉन्टोसॉरस अशी नावं ठेवली. १९०३ मध्ये रिग्ज म्हणाले, दोन्ही एकच. तिरपागडा, तुमचाच तो नियम: पहिलं नाव जिंकलं, माझं गेलं. त्या अपॅटोसॉरसची तरी काय शान? पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयात १९७९ पर्यंत बिचारा दुसऱ्याच डायनासोरचं डोकं लावून उभा होता.

२०१५ मध्ये नव्याने मापं घेऊन काही संशोधकांनी सांगितलं, दोन वेगळेच आहेत, ब्रॉन्टोसॉरस परत घ्या. बातमी वाचून मी ती वही शोधली. सगळ्यांना ते पटलेलं नाही हे माहीत आहे. मला पटलंय. लाल शेऱ्याखाली तारीख घालून सही केली.

ऱ्हस्वदीर्घ

चर्चा रंजक आहे, मात्र धाग्यात सर्वत्र 'डायनासोर' लिहिलेले पाहून वाईट वाटले. ओवेन यांनी १८४२ मध्ये हा शब्द ग्रीकवरून घडवला. त्यात 'सॉरस' आहे. म्हणून 'डायनोसॉर'. तुम्हीच 'ब्रॉन्टोसॉरस' लिहिता आणि पुढच्याच ओळीत 'सोर' करता. हा हिंदीचा परिणाम.

काडीवाला

'सोर' ठेवा हो, 'अंडीचोर'शी यमक जुळतं.

आणि मला एक कळत नाही. पक्षी हे डायनासोरच, असं आता मानतात ना? मग टी-रेक्स मेला, ओव्हिरॅप्टर मेला, ब्रॉन्टो तर दोनदा मेला. उरलं कोण? कबूतर. (पळतो.)

गॅलरीत जाळी

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. शहाणपणा करायला 'कबूतर म्हणजे डायनासोर' म्हणणाऱ्यांनी एकदा माझी गॅलरी धुवावी. एसीच्या बाहेरच्या डब्यावर सहा वेळा घरटं केलं. घरटं तरी कसलं, चार काड्या आणि एक वायरचा तुकडा. असला गबाळा प्राणी टी-रेक्सचा नातलग?

पूर्वज डायनासोर होते एवढंच म्हणा. माझे पूर्वज मासे होते म्हणून मी मासा आहे का?

उत्खनन

त्या हिशोबाने आहात. हल्ली गट वंशावरून पाडतात. पूर्वज गटात असेल तर वंशजालाही बाहेर काढता येत नाही. वाईट वाटून घेऊ नका, मीही मासाच.

नुसती वंशावळही नाही. व्हेलोसिरॅप्टर या डायनासोरच्या हाताच्या हाडावर पिसं रुतायच्या जागी असतात तसे उंचवटे २००७ मध्ये दाखवले गेले. पक्ष्यांच्या छातीत ते बेचकीसारखं हाड असतं ना? दणकट, तुमच्या टी-रेक्सलाही होतं.

आता सगळे इथे आहेतच तर माझंही गाऱ्हाणं ऐका. भाच्याला 'डायनासोर' म्हणून बारा प्राण्यांचं पाकीट आणलं. त्यात एक उडणारा टेरोसॉर, एक पोहणारा प्लेसिओसॉर आणि पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन. तिन्ही डायनासोर नाहीत! डायमेट्रोडॉन तर पहिला डायनासोर यायच्या कोट्यवधी वर्षं आधी संपलेला, आणि नात्याने त्यांच्यापेक्षा तुम्हाआम्हाला जवळचा. पाकिटात चिमणी टाकली असती तर चाललं असतं. भाच्याचा आवडता अर्थातच डायमेट्रोडॉन. समजावलं तर रडला.

दणकट

बेचकीचं हाड मान्य. पण त्यावरून टी-रेक्सला कबुतराच्या रांगेत बसवाल तर बघा.

गॅलरीत जाळी

बघा, त्यांनाही पटत नाही. वंश, गट, व्याख्या हे सगळं कागदावर. 'डायनासोर' म्हटल्यावर कोणाच्या डोळ्यांसमोर कबूतर येतं? शब्दाचा अर्थ वापरणारे ठरवतात, हाडं खणणारे नाही.

उत्खनन

मग भाच्याचा डायमेट्रोडॉनही डायनासोर म्हणू या. वापरणारे ठरवतात ना? खेळणं बनवणारेही म्हणतात, पोरंही म्हणतात.

गॅलरीत जाळी

उगाच शब्दात पकडू नका. तुम्ही लोक स्वतः घाण काढत नाही म्हणून तुम्हाला कौतुक.

खिडकीपाशी

मी काढते घाण. तरी सांगते.

माझ्या टेबलासमोरच्या खिडकीच्या कठड्यावर यंदा जोडी बसली. मी दिवसभर घरून काम करते, त्यामुळे डोळ्यांसमोर तेच. अंडी दोन. सकाळी उशिरा नर यायचा, मादी उठायची, तो पाय उचलून उचलून, अंड्याला धक्का न लावता आत शिरायचा. मग अंग दोन्हीकडे हलवून पोटाखाली बरोबर घ्यायचा. संध्याकाळपर्यंत पाळी त्याची, रात्रीची तिची. साधारण अठरा दिवस. एका रात्री वादळी पाऊस झाला. सकाळी पडदा सरकवला तर कठड्यावर पाणी साचलेलं आणि ती तशीच. पिसं फुगवलेली, मान खांद्यात, चोचीच्या टोकावर थेंब. मी काचेला नाक लावून उभी, तरी हलली नाही. डोळा तेवढा फिरवला.

तिरपागडांनी सिटीपाटीचं वर्णन केलंय ते वाचताना मला तीच दिसली. मोठी, दात नसलेली, लांब हातांची. बाकी बैठक तीच.

उत्खनन

+१. एक दुरुस्ती मात्र तिरपागडांना. 'आई' कशावरून? २००८ मधला एक अभ्यास म्हणतो, घरट्यावर बसलेले हे ओव्हिरॅप्टरवाले बहुधा नर असावेत. बसणाऱ्याच्या आकाराच्या मानाने अंड्यांचा पसारा खूप मोठा, आणि आज तसं असतं ते जिथे बाप अंडी उबवतो अशा पक्ष्यांत. शिवाय अंडी घालताना मादीच्या हाडात जो खास थर तयार होतो, तो या हाडांत मिळाला नाही. यावरही वाद आहेत, पण 'आई' असं ठामपणे लिहू नका.

तिरपागडा

घ्या. म्हणजे मीही पुरावा न पाहता आळ घेतला. चांगला आळ, पण आळच. 'आई' मागे.

काडीवाला

ऑस्बर्नसाहेब, या बसा.

गॅलरीत जाळी

खिडकीपाशी, तुम्ही ते लिहायला नको होतं.

सहा वेळा घरटं काढलं असं मी वर लिहिलं. पाच वेळा नुसत्या काड्या होत्या. सहाव्या वेळी अंडी होती. मला दिसली होती. सुट्टीचा दिवस होता, जाळी लावणारा माणूस येणार होता, मी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली. माणूस आलाच नाही. दुसऱ्या दिवशी कबूतर येऊन त्या मोकळ्या डब्यावर बसलं. खाली काही नाही. नुसता पत्रा. तीन-चार दिवस येत होतं.

ठीक आहे. कबूतर डायनासोर आहे. लिहून घ्या. आवडता नाही. आणि घाण करतं ते करतंच.

ऱ्हस्वदीर्घ

डायनोसॉर.

गॅलरीत जाळी

गप्प बसा हो.

दणकट

धागा कुठून निघाला आणि कुठे पोचला! माझा टी-रेक्स कबुतराचा नातेवाईक झाला, तिरपागडांची आई बाप झाली, आणि गॅलरीवाल्यांना आता रात्री झोप नाही.

माझी निवड तीच. रिकाम्या पत्र्यावर बसणारा प्राणी चांगला असेल, मला हादरवणारा लागतो. ज्याच्यापुढे आवाज खाली जातो तो. पण 'भुरटा' हा शब्द मागे घेतो. 'अंडीचोर'ही मागे. यापुढे 'संशयित' म्हणेन, त्या दोन कवट्यांचा उलगडा होईपर्यंत.

तिरपागडा

संशयितही नाही! आरोप जाऊन तीस वर्षं झाली. काय म्हणायचं असेल ते नावाने म्हणा.

लांबमान

ब्रॉन्टोसॉरसबद्दल कोणी एक अक्षर बोललं नाही, याची नोंद घेतली आहे.

दणकट

बरं, कंपास.