पेरूचं (फळ नव्हे, देश!) घरगुती जेवण पुण्यात: मिरची, बटाटा आणि फाटणारं दूध

भरडमिरची, कोथरूड

आही दे गायिना (चिकनचा पिवळा दाट रस्सा), काउसा (लिंबू-मिरचीचा थंड बटाटा) आणि लोमो साल्तादो (मोठ्या आचेवर कांदा-टोमॅटोसोबत परतलेलं मांस), एवढे तीनच पदार्थ घरच्या जेवणात बसवायचे आहेत. अडतंय ते असं: आही आमारियो मिरची इथे ताजी मिळत नाही. बाटलीतली पेस्ट महाग पडते आणि आंबटही असते. गायिनाचा रस्सा एकतर फाटतो, नाहीतर सरळ पंजाबी ग्रेव्हीसारखा लागतो. काउसाचा बटाटा डिंकासारखा होतो. लोमोला पाणी सुटतं. रेसिपी भरपूर आहेत, पण चुकतं कुठे ते कोणी लिहीत नाही.

आदेरेसो

पंजाबी लागतो कारण कांदा लाल होतोय आणि बहुतेक आलंही पडतंय. तिकडच्या फोडणीला आदेरेसो म्हणतात: तेल, कांदा, लसूण, मिरचीची पेस्ट, चिमूटभर जिरेपूड. गायिनात आलं नाही, टोमॅटो नाही, गरम मसाला तर नाहीच. कांदा अगदी बारीक चिरून मंद आचेवर १०-१२ मिनिटं मऊ करायचा, काठाला सुद्धा रंग येता कामा नये. तो चिकटायला लागला तर चमचाभर पाणी शिंपडा, आच वाढवू नका.

मिरचीचा पर्याय: दोन पिवळ्या ढोबळ्या मिरच्या (३०० ग्रॅमच्या आसपास) भरताच्या वांग्यासारख्या गॅसवर काळ्या करून सोलायच्या. चार-पाच पिकलेल्या लाल मिरच्या बिया आणि शिरा काढून पाच मिनिटं उकळायच्या, ते पाणी फेकून द्यायचं. सगळं दोन चमचे तेलात, पाणी न घालता वाटायचं. रंग केशरी आला की बरोबर. नावात पिवळी असली तरी ती मिरची पिकल्यावर केशरीच असते. फक्त ढोबळीत पाणी फार, म्हणून ही पेस्ट आदेरेसोत १२ मिनिटं तरी परता. तेल कडेला सुटेपर्यंत थांबायचं. इथे घाई केली की सगळ्या पदार्थाला कच्च्या ढोबळीचा वास येतो.

आही पांकाला (तिकडची गडद लाल सुकी मिरची) मात्र ब्याडगी चालते. भिजवून, बिया काढून वाटा. तिखट कमी, रंग गडद, काम तेच.

मंडईतला_बटाट्या

दुधाचं सांगतो. रेसिपीत 'लेचे एवापोरादा' असतं, म्हणजे बिनसाखरेचं आटवलेलं दूध. डब्यातलं गोड कंडेन्स्ड मिल्क नव्हे, ही गफलत फार होते. अर्धा लिटर म्हशीचं दूध सव्वादोनशे मिलीपर्यंत आटवा, झालं.

फाटतं कारण दूध उकळत्या, आंबट रश्श्यात पडतं. बाटलीतल्या पेस्टमध्ये आंबटपणा असतोच. क्रम असा ठेवा: आदेरेसो, मग भिजवून वाटलेला पाव, मग चिकन उकळलेलं पाणी, आठ-दहा मिनिटं ढवळत शिजवणं, मग दोऱ्यासारखं सोडवलेलं चिकन आणि गॅस अगदी मंद करून शेवटी दूध. पावाचा स्टार्च आधीच रश्श्यात असला की दूध तग धरतं. त्यानंतर उकळी नको.

चौघांसाठी हाडासकट ६०० ग्रॅम चिकन, चार पाव, ४० ग्रॅम अक्रोड, ३० ग्रॅम पार्मेजान चीज. सँडविच ब्रेड घेऊ नका, तो गोड असतो. बेकरीतला साधा पाव याला उत्तम, शिळा असेल तर आणखी बरा. रस्सा तळाला लागतो फार पटकन, जाड बुडाचं पातेलं घ्या. कडवट लागला तर अक्रोडाची सालं पाहा, गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून चोळली की बरीच निघतात.

आता बटाटा. काउसासाठी पिठूळ बटाटा लागतो, तिकडे पापा आमारिया वापरतात. नवा, पातळ सालीचा, चिवट बटाटा नको. ओळखायचा कसा? एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवा आणि बटाटे सोडा. बुडतो तो पिठूळ, तरंगतो तो भाजीला ठेवा. सालीसकट उकडा, गरम असतानाच सोला आणि पुरणयंत्रातून काढा. हाताशी असलेलं सगळ्यात योग्य यंत्र तेच. मिक्सरच्या पात्यांनी बटाट्याच्या पेशी फुटून स्टार्च बाहेर येतो, म्हणूनच तुमचा डिंक होतोय. किलोभर बटाट्याला ८० मिली बिनवासाचं तेल, तीन ते चार चमचे लिंबूरस, चार चमचे मिरचीची पेस्ट आणि मीठ. तेल-पेस्ट गरम बटाट्यात, लिंबू थोडं निवल्यावर. लिंबाची चिंता नको: तिकडचं छोटं आंबट लिमोन आणि आपलं कागदी लिंबू सख्खे भाऊच.

कढईशिवाय_नाही

लोमोबद्दल. पदार्थ मुळात चिनी वळणाचा आहे, १८४९ पासून पेरूत आलेल्या चिनी मजुरांनी परतण्याची ही पद्धत आणि सोया सॉस तिथे रुजवला. म्हणून नियमही चिनीच: आच जबरदस्त, कढई कोरडी. घरच्या शेगडीवर एकावेळी २०० ग्रॅमपेक्षा जास्त मांस टाकलंत की कढई थंड होते आणि पाणी सुटतं. तेच तुमचं होतंय. मांस कापडाने टिपून कोरडं करा, परतून ताटात काढा. मग जाड फोडींचा कांदा ४० सेकंद, मोठ्या फोडींचा टोमॅटो ३० सेकंद, मांस परत, दोन चमचे सोया सॉस आणि दीड चमचा व्हिनेगर कढईच्या कडेने. शेवटी कोथिंबीर. तळलेले बटाटे वाढतानाच घाला, आधी घातले की लोळागोळा.

गोमांस इथे मिळणार नाही, म्हशीच्या अंडरकटचं करा, किंवा सरळ चिकनचं. पोयो साल्तादो हा तिकडचाच पदार्थ आहे, तडजोड नव्हे. सोबत भात हवाच: आधी तेलात लसूण, मग तांदूळ, एका वाटीला दीड वाटी पाणी. इंद्रायणी नको, चिकट होतो. कोलम बरा.

भरडमिरची

पुरणयंत्र! डोक्यातही नव्हतं. एक शंका: घरात दोघं शाकाहारी आहेत, गायिनाचं काय करू? आणि मिरचीचं बी ऑनलाइन दिसतंय, लावावं का?

आदेरेसो

धिंगरी अळंबी हाताने उभी फाडून, कोरड्या तव्यावर पाणी आटेपर्यंत परतून घ्या, पोत चिकनच्या जवळ जातो. चिकनच्या पाण्याऐवजी कांदा, गाजर, सेलरी उकळलेलं पाणी. पार्मेजान शाकाहारी रेनेटचं (चीजसाठी दूध गोठवणारा पदार्थ) आहे का ते पाकिटावर बघा, पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं.

बी लावा, पण खात्री फुलावर करा. आही आमारियोच्या पांढऱ्या पाकळ्यांवर देठाकडे हिरवट-पिवळे ठिपके असतात. ठिपके नसतील तर बी दुसऱ्याच मिरचीचं. झाड उंच होतं, मोठी कुंडी आणि काठी द्या, आणि फळं पिकायला इतर मिरच्यांपेक्षा जास्त महिने धरा. तोवर ढोबळीवरच भागवा.