फोरमनची पद्धत मंडळाच्या पोरांवर कशी वापरायची?

कृष्णाकाठ (सांगली)
तासगावकडच्या एका गणेश मंडळाच्या सोडतीवर १८ मिनिटांची शॉर्टफिल्म करतोय. डोळ्यांपुढे चेक दिग्दर्शक मिलोश फोरमनचा ‘फायरमेन्स बॉल’ (१९६७) आहे: अग्निशामकांचा समारंभ, आणि सोडतीची बक्षिसं एकेक करून गायब. त्यात व्रख्लाबी गावचे खरे अग्निशामक आहेत. आमच्याकडे मंडळाची खरी पोरं आणि दोन नाट्यकलाकार. पोरं संवाद पाठ म्हणतात, कलाकार शेवटच्या रांगेपर्यंत आवाज टाकतात. एका फ्रेममध्ये जमत नाही. काय बदलू?

संकलन_सातारा
दादा, पोरांच्या हातातली संहिता आधी काढून घ्या. फोरमन हौशी माणसांना कागद देत नसे, प्रसंग तोंडी सांगे. तुम्हीही टेकच्या तोंडावर सांगा, आणि प्रत्येकाला वेगळं. एकाला ‘बक्षिसाचा मिक्सर गेलाय, अध्यक्षांना कळू देऊ नको’, दुसऱ्याला ‘मिक्सरचा नंबर आत्ताच पुकारायचाय’. मग संवाद आपोआप फुटतो.

कथा पुढे नेणारी वाक्यं मात्र कलाकारांकडेच ठेवा. फोरमनच्याच ‘लव्ह्ज ऑफ अ ब्लाँड’मध्ये (१९६५) आई, बाप आणि मुलगा एकाच पलंगावर भांडतात तो प्रसंग पुन्हा बघा. मुलगा व्लादिमीर पुखोल्ट, शिकलेला नट, आईबाप हौशी. त्या ओढाताणीत कोण कुठल्या जातकुळीचा ते ओळखू येत नाही, हीच त्या दिग्दर्शनाची कमाल.

नाट्यकलाकारांची तालीम रंगमंचावर नको. चहाच्या टेबलाशी, शेजाऱ्यापुरत्या आवाजात घ्या. पोरांच्या हातांना काम द्या: पावत्या फाडणं, चिठ्ठ्यांच्या घड्या घालणं. रिकामे हात कॅमेऱ्यात लगेच अवघडतात.

मिरज_लेन्स
कॅमेरा लांब न्या. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर) कॅमेऱ्यावर १३५ मिमी लेन्स, ६ मीटर अंतर: माणूस साधारण कमरेपासून वर मिळतो आणि त्याच्या अंगावर कोणी उभं नसतं. लेन्सचं छिद्र एफ २.८ वर मोठं उघडलं की फोकसची खोली जेमतेम ३३ सेंमी. पोरगं पुढं वाकलं की गेलं. छिद्र लहान करून एफ ५.६ ठेवा, दुप्पट मिळते. दिवे त्या हिशेबानं वाढवा.

कॅमेरे दोन, दोन्ही बोलणाऱ्यांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला. न ठरवलेलं वाक्य दुसऱ्या टेकमध्ये तसंच येत नाही, म्हणून प्रश्न आणि उत्तर एकाच वेळी टिपायला हवं. दोन्हीवर सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद, व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) हातानं. आपली वीज ५० हर्ट्झची. ट्यूबखाली शटर १/६० झालं की पट्टे सरकताना दिसतात.

कृष्णाकाठ (सांगली)
गाणं चालू असलं की पोरं खुलतात. टेकमध्ये ठेवू का?

संकलन_सातारा
नको. संवादाखाली गाणं मुरलं की प्रत्येक कटला ताल तुटतो, आणि ते वेगळं काढता येत नाही. अर्धा मिनिट वाजवा, पोरांना ठेका धरू द्या, मग बंद करून संवाद घ्या. मागचे नाचणारे अनवाणी ठेवा, पावलांचा आवाज माइकमध्ये येणार नाही. शेवटी त्याच सभागृहात सगळ्यांना उभं करून एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. संकलनात सांधे बुजवायला तीच लागते.