‘शिली-शॅली’ची व्युत्पत्ती आणि मराठी पर्याय

‘शिली-शॅली’ हा इंग्रजी शब्द ऐकताना केवळ नादासाठी जुळवलेला वाटतो, परंतु त्याच्या पोटात एक अख्खे प्रश्नवाक्य दडलेले आहे. ‘शॅल आय?’, म्हणजे ‘मी करू का?’, हा प्रश्न स्वतःलाच पुन्हापुन्हा विचारत जागच्या जागी उभा राहणारा मनुष्य, हा त्याचा मूळ अर्थ.

१७०० साली लंडनच्या रंगभूमीवर आलेल्या विल्यम कॉन्ग्रीव्ह यांच्या ‘द वे ऑफ द वर्ल्ड’ या सुखात्मिकेत ‘शिल आय, शॅल आय’ असे रूप आढळते. ते ज्याच्या तोंडी आहे तो सर विलफुल हा गावाकडचा जमीनदार परदेशी निघालेला असून त्याआधी लंडनमध्ये थोडे फ्रेंच शिकून घ्यावे असा त्याचा विचार आहे. आपण ‘शिल आय, शॅल आय’ करीत उभे राहत नाही, एकदा बोललो की करतो, असे तो ठणकावतो. (विलफुल म्हणजे हट्टी, तेव्हा नाटककाराने हे वाक्य नेमके कोणाला दिले ते पाहण्यासारखे आहे.)

पहिल्या ‘शॅल’चे ‘शिल’ होण्यामागे व्याकरण नाही, कानाची सवय आहे. ‘झिगझॅग’, ‘चिटचॅट’ यांप्रमाणे इंग्रजी जोडशब्दांत आधी ‘इ’ आणि मग ‘अ‍ॅ’ येण्याकडे कल असतो. पुढे ‘आय’चाही उच्चार झिजून नुसता ‘ई’ उरला, शब्दाचे क्रियापद झाले आणि त्यातला प्रश्न कोणाला ऐकू येईनासा झाला. ‘विली-निली’ची गत काहीशी अशीच आहे, ‘इच्छा असो वा नसो’ हा तिचा मूळ अर्थ, पण आज ती पुष्कळदा ‘वाटेल तसे’ या अर्थाने वापरली जाते.

मराठी पर्याय म्हणून ‘किंकर्तव्यविमूढ’ सुचतो, आणि त्यातही ‘काय करावे?’ हा प्रश्न गोठलेला आहे हे खरे. तथापि त्या शब्दाला संकटात बुद्धी कुंठित झाल्याचे जे गांभीर्य आहे, ते किरकोळ चालढकलीवर चिडून वापरल्या जाणाऱ्या ‘शिली-शॅली’ला पेलणार नाही. ‘तळ्यात-मळ्यात’ जवळचा आहे, मात्र राजकीय लिखाणात त्याला दोन्ही पक्षांशी संधान बांधल्याची छटा येते. माझ्या मते ‘हो-ना करणे’ हाच उत्तम पर्याय होय, कारण तेथेही प्रत्यक्ष बोलण्यातले शब्दच क्रिया बनले आहेत आणि ‘उगाच हो-ना करू नकोस’ म्हणताना तोच वैताग उमटतो.