दुर्बिणीतून केलेला हर्निया परत आला, आता काय करावं?

उद्यमबागकर: वय ४८, लेथवर उभ्याचं काम. २०१९ ला उजव्या जांघेतला हर्निया दुर्बिणीतून केला, जाळी बसवली. दिवाळीपासून त्याच जागी परत फुगवटा. आडवा झालो की आत जातो, खोकलो की बाहेर. डॉक्टर म्हणतात परत दुर्बिणीतूनच करू. बजेट ७० हजार. बेळगावात कुणी दुसऱ्यांदा केलंय काय? मिरजेला जायला सुट्टी नाही.

कृष्णाकाठ: मिरजेलाच जा. सासऱ्यांचं तिथं झालं, दीड लाख गेले, पण जिवापुढं पैसा काय ओ.

निपाणीचा_पाहुणा: ऑपरेशनच कशाला? पट्टा बांधा. आमचे काका पट्टा बांधून उसाच्या मोळ्या उचलतात.

ओटी_सिस्टर: काकांना सांभाळा म्हणावं. पट्ट्यानं भोक बुजत नाही. गाठ कडक झाली, आत जाईना, दुखून उलट्या सुरू झाल्या तर त्याच रात्री दवाखाना गाठायचा. आतडं अडकलं की तासांचा खेळ असतो.

उद्यमबागकर, पहिलं दुर्बिणीतून झालं असेल तर दुसरं सहसा पुढून, उघडं करतात. जुन्या जाळीभोवती सगळं चिकटलेलं असतं, पुढची जागा कोरी मिळते. पहिलं उघडं असेल तर उलट. परत दुर्बिणीतून होत नाही असं नाही, पण हात तसा सरावाचा पाहिजे. अशा परत आलेल्या केसेस किती केल्या, सरळ विचारा. जुनं डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशन नोट काढून न्या. जाळी किती मोठी होती त्यात असेल, दुर्बिणीत निदान १०×१५ सेंमी लागते.

खानापूरकर_७२: मीही हेच सांगणार होतो. उघडंच करा. माझं कमरेत इंजेक्शन देऊन झालं, डॉक्टरांशी गप्पा मारत. जाळी मात्र भारीतली घ्या, मी परदेशी घेतली.

कृष्णाकाठ: परदेशी जाळी असून टाक्यात पू झाला, हे तुम्हीच मागं लिहिलं होतं.

खानापूरकर_७२: तो दवाखान्याचा घाणेरडेपणा. जाळी फस्क्लास आहे.

सीमावासी: ७० हजार घालता कशाला? महाराष्ट्रानं २०२३ ला आपल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना दिली की.

वडगावचा_विणकर: दिली कागदावर. आधी कर्नाटकानं आडकाठी घातली, मग दाखल्यांसाठी हेलपाटे. त्यापेक्षा बीपीएल कार्ड असेल तर इथलं आयुष्मान बघा, कुटुंबाला वर्षाला ५ लाख. आधी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते.

सीमावासी: म्हणजे आम्ही कायम इथल्या सरकारच्या दारात उभं राहायचं?

ओटी_सिस्टर: भांडण दुसरीकडं करा. आणि उद्यमबागकर, तंबाखू, बिडी असेल तर आत्ताच सोडा. खोकला आणि बद्धकोष्ठाचा बंदोबस्त करा, नाहीतर तिसऱ्यांदा यायची पाळी.

उद्यमबागकर: सगळ्यांचे आभार. कार्ड एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरचं आहे. दुसऱ्या सर्जनना दाखवलं. जुनी जाळी लहान होती आणि खालून दुमडलीय म्हणाले. डावीकडंही छोटा हर्निया आहे, दोन्ही एकदम करायचे तर दुर्बिणीतूनच बरं. पोटातून जाऊन करणार, नाही जमलं तर त्याच वेळी उघडं, तशी सही घेतलीय. बेळगावातच, ९० हजार. पुढच्या आठवड्यात.

खानापूरकर_७२: डावीकडचं आधी सांगायचं की ओ! तरी मी उघडंच केलं असतं.

निपाणीचा_पाहुणा: पट्टा किती इंची घेतला?