पाठमोऱ्या माणसांपलीकडे कसे जावे?

उंबरठा:
गेले काही महिने मी रविवारी पहाटे दादरच्या फुलबाजारात कृष्णधवल फिल्मवर छायाचित्रे काढत आहे. कॅमेरा जुना, यांत्रिक आणि ३५ मिमी भिंगाचा आहे. रोल इलफर्ड एचपी५ प्लसचा, म्हणजे ४०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे फिल्मच्या प्रकाशसंवेदनशीलतेचे माप), वापरतो. मला कोणाचे व्यक्तिचित्र काढायचे नाही. नावगाव न कळता माणूस दिसावा आणि त्याच्याबरोबर बाजारही दिसावा, एवढीच इच्छा आहे. परवा सहा रोलांच्या कॉन्टॅक्ट शीट (रोलमधली सगळी चित्रे लहान आकारात एकत्र दाखवणारे कागद) शेजारी शेजारी मांडल्या, तेव्हा जवळपास सगळी माणसे पाठमोरी असल्याचे लक्षात आले. चेहरा दाखवूनही माणूस अनामिक राहू शकतो का? आणि उजाडण्यापूर्वीच्या प्रकाशात हे जमवावे कसे?

काळीपांढरी:
राहू शकतो. अमेरिकी छायाचित्रकार वॉकर इव्हान्स यांनी १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली कॅमेरा लपवून समोरच्या बाकावरच्या प्रवाशांना टिपले. चेहरे अगदी समोरून दिसतात, तरीही ती माणसे अनामिकच राहतात, कारण नाव नाही, प्रसंग नाही, आणि तशाच बाकावर एकामागून एक माणूस येऊन बसलेला आपण पाहतो. ही छायाचित्रे पुस्तकरूपाने आली ती थेट १९६६ साली. लपवलेला कॅमेरा मला स्वतःला पटत नाही. पण पाठ टिपणे म्हणजे समोरच्याचा मान राखणे, ही समजूत त्यांच्यामुळे माझ्यापुरती तरी मोडली. पुष्कळदा पाठ टिपण्यामागे आपलाच संकोच असतो.

खटपट्या:
प्रकाशाविषयी लिहितो. विक्रेत्यांच्या दिव्यांखाली ४०० आयएसओला साधारण एफ/२.८ (भिंगाचे छिद्र; आकडा वाढला की छिद्र लहान) आणि १/३० सेकंद (शटर उघडे राहण्याचा वेळ) मिळतात, आणि त्यात चालता माणूस हलतो. संपूर्ण रोल १६०० आयएसओ धरून काढावा आणि धुताना त्यानुसार वेळ वाढवावा. स्वतः धूत नसाल, तर लॅबला तसे स्पष्ट लिहून द्यावे. त्यामुळे एफ/४ आणि १/६० हाती येतात. दाणा (चित्रातला रवाळपणा) व कॉन्ट्रास्ट (काळ्या-पांढऱ्यातला फरक) वाढतो, सावलीतले तपशील जातात, ही त्याची किंमत आहे. फोकस अडीच मीटरवर ठेवून द्यावा, म्हणजे सुमारे दोन ते सव्वातीन मीटरपर्यंतचे स्पष्ट येते. उजाडल्यावर एफ/८ परवडू लागले आणि फोकस तीन मीटरवर नेला, की हीच पट्टी जवळपास दोन ते सात मीटर होते व डोळ्याला कॅमेरा लावून फोकस शोधत बसावे लागत नाही.

सोपट:
तंत्र ठीक आहे, परंतु मला अडचण वेगळी वाटते. तुम्ही बहुधा बाजारात फिरत असता, आणि फिरणाऱ्याला पुढे चाललेल्यांच्या पाठीच दिसणार. एक जागा धरून पूर्ण रोल तिथेच संपवून पाहा. पहिली दहा-पंधरा मिनिटे सगळे तुमच्याकडे पाहतील. नंतर तुम्ही तिथल्या खांबासारखे होता. शिवाय चेहरा की पाठ, एवढ्यावरच का अडावे? केळीचे सोपट दातांत धरून गजरा ओवणारे हात मला कोणत्याही चेहऱ्याइतकेच बोलके वाटतात. मी दोन भिंगांच्या चौकोनी कॅमेऱ्याने काम करते. मान खाली घालून काचेवर पाहावे लागते, डावे-उजवे उलट दिसते आणि रोलमध्ये जेमतेम १२ चित्रे मिळतात, त्यामुळे हात आपोआप आखडतो.

उंबरठा:
सर्वांचे आभार. काल तोलाईच्या काट्याजवळ दीड तास उभा राहिलो. शेवंतीची पाटी तोलणाऱ्या बाईंनी विचारले, "पेपरात येणार का?" नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग कशाला काढताय?" मला उत्तर सुचले नाही. रोल अजून धुवायचा आहे; त्यांचे चित्र नीट आले असेल, तर पुढच्या रविवारी त्याची प्रिंट त्यांना नेऊन देईन.